विमानातली गादी

प्रमोदिनीकाकूंच्या हातच्या गाद्या आमच्या गल्लीबाहेरही ठाऊक होत्या. त्यांचं माहेर पातूरचं. तिथे घरच्या शेतातला कापूस घरीच ठेवून घेत आणि दिवाळीआधी पिंजारी ओसरीवर बसवून पिंजून घेत. कोणता कापूस दबतो आणि कोणता फुगून राहतो, हे काकूंना बोटांनी कळे. जावई, बाळंतीण, आजारी माणूस, लांबचा पाहुणा, ज्याला जपायचं त्याची गादी जाड, अशी त्यांच्या माहेरची रीत होती. सासरी अमरावतीला आल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. त्यांच्याकडे जेवायला गेलेला माणूस पाटावर बसे, पण त्या पाटावर गादी असे.

त्यांचे यजमान कमलाकांतराव शाळेत शास्त्र शिकवत. अंगाने किरकोळ, बुटके, बोलायला मऊ. एका इंग्रजी मासिकात घरी बांधता येईल अशा एकट्या माणसाच्या विमानाचे नकाशे आले होते. ते हाती पडल्यापासून मास्तर बदलले. बडनेऱ्याच्या रस्त्यावर टांगे आणि बैलांच्या दमण्या बांधणाऱ्या बशीर मिस्त्रीशी त्यांची जुनी ओळख होती. दोघांनी मिळून काम धरलं. लाकूड मुंबईहून आलं, इंजिन एका मोडक्या फटफटीचं काढलं, पंखांवर कापड ताणून त्याला रोगण दिलं. अकोल्याचे कापसाचे अडते किसनराव एकदा ते पाहायला आले आणि त्यांनी बशीरला सांगितलं, माझ्यासाठीही एक बांध. त्यामुळे बशीरच्या कारखान्यात एकाशेजारी एक असे दोन सांगाडे उभे राहिले.

काकूंनी विरोध केला नाही. त्यांचं लग्न लहानपणी झालं होतं, मूलबाळ नव्हतं, आणि या माणसाखेरीज त्यांना जगात फारसं कोणी नव्हतं. त्यांनी फक्त एक अट घातली. मास्तर ज्या जागी बसणार ती जागा मी पाहीन आणि माझं समाधान झाल्याशिवाय विमान जमीन सोडणार नाही.

बसण्याची जागा म्हणजे चार फळ्यांचा एक खोका होता. खाली लाकडी पाट, समोर एक आडवी फळी, तिच्यावर दोन यंत्रं, पायाशी सुकाणू वळवायची दांडी. काकू बशीरच्या कारखान्यात गेल्या, पदर खोचून त्या खोक्यात उतरल्या आणि हात फिरवत बसल्या. जिथे खिळ्याचं डोकं लागलं तिथे बशीरला ठोकायला लावलं. फळीची कड घासून गोल करवली. माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून खाटेच्या नवारीचा दुहेरी पट्टा त्यांनी स्वतः शिवला. त्याला घोड्याच्या सामानातली पितळी बक्कल बशीरने लावली. आणि पाट टणक म्हणून त्यावर गादी केली. मास्तर बुटके असल्याने गादीमुळे त्यांना समोरचंही बरं दिसू लागलं.

मग त्यांनी मास्तरांना बसवलं, पट्टा आवळला आणि त्यात आपलं बोट घालून पाहिलं. बोट जाईना. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

दसऱ्याला विमानाची पूजा झाली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि खोक्यात मास्तरांच्या पायाशी नारळ. शाळेतल्या शिक्षकांनी एक पितळी घड्याळ भेट दिलं. मास्तरांना कोणाचं मन मोडता येत नसे, म्हणून ते तिथल्या तिथे समोरच्या फळीवर, बरोबर तोंडासमोर, स्क्रूने बसवलं गेलं. किसनराव आले होते. ते खोक्यात बसून पाहत होते आणि गादीवर हात दाबून म्हणाले, की वहिनी, मलेही अशीच पाहिजे, या बशीरच्या पाटावर माणूस नाही, धान्याचं पोतं बसते.

दुसऱ्या दिवशी उड्डाण होतं. मास्तर आत बसले तेव्हा बशीरने वाकून आत पाहिलं.

"मास्तर, तो नारळ काढा. पायाखाली गेला त दांडी अडकन."

नारळ काढला. बशीरने तो काकूंच्या हाती दिला. काकूंना मोठं हायसं वाटलं. सकाळपासून काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत होतं, ते हेच असावं. त्यांनी पुन्हा पट्ट्यात बोट घालून पाहिलं. गेलं नाही.

विमान उडालं. पळसांच्या रांगेवरून एक फेरी मारून ते परत आलं. मैदान म्हणजे पडीत शेत होतं, काळ्या मातीचं, वाळून भेगाळलेलं. चाकं टेकल्यावर विमान उड्या घेत येऊ लागलं. पोरं हसत बरोबर पळत होती. शेवटी वेग जवळजवळ संपला असताना डावं चाक धुऱ्याला, शेताच्या बांधाला, अडलं आणि विमानाने हळूच नाक मातीत टेकवलं. शेपटी वर झाली. एखादा बैल पाणी प्यायला वाकावा तसं ते दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर उठले नाहीत. काकू पोहोचल्या तेव्हा मास्तर पट्ट्यात नीट बांधलेले होते, बक्कल लागलेली होती, पंखही शाबूत होते, आणि त्यांचं तोंड घड्याळात होतं.

ते जगले. उजवा डोळा गेला, पुढचे दात गेले, जबडा बांधून ठेवावा लागला. सरकारी दवाखान्यात ते पडून असताना काकू शेजारी बसून असत. बशीर येई आणि खाली मान घालून उभा राही. बक्कल सरकली असावी असं तो म्हणे. आपलीच बक्कल, म्हणून तो ते पुन्हा पुन्हा म्हणे, आणि काकूंनाही ते पटलं होतं. किसनरावांचं विमान एव्हाना अकोल्याला पोचलं होतं; काकूंनी तिकडे निरोप पाठवला, की बक्कल नवी आणि भक्कम लावा.

आणि त्या काळात त्यांनी किसनरावांची गादी शिवली. दवाखान्यातल्या बाकावर बसूनच. मास्तरांच्या गादीत होता त्याहून दीडपट कापूस त्यांनी तिच्यात भरला. किसनरावांना लहान मुली होत्या. काकूंच्या मनात एकच होतं, की या माणसाला तरी इजा होऊ नये. गादी तयार झाली तशी किसनरावांच्या दिवाणजीबरोबर ती गेली. तिथलं विमानही आता तयार होतं.

मास्तर घरी आले आणि चार शब्द बोलता येऊ लागताच त्यांनी बशीरला तो खोका अंगणात आणायला लावला. समोरची फळी काढली होती. घड्याळ कोणी नेलं होतं, कोण जाणे. मास्तर गादीवर बसले आणि काकूंना म्हणाले, पट्टा लाव, त्या दिवशीसारखा. काकूंनी आवळला. बोट घालून पाहिलं. गेलं नाही.

मग मास्तरांनी बशीरला आणि त्याच्या गड्याला खोका दोन्ही बाजूंनी उचलून जमिनीवर आपटायला सांगितलं. काकू नको म्हणत होत्या. त्यांनी आपटला. पुन्हा आपटला. चाकं मैदानावर उड्या घेत येतात तसे धक्के देत राहिले. बशीर घामाघूम झाला तेव्हा मास्तरांनी हात वर केला.

"आता बोट घाल."

काकूंनी बोट घातलं. मग पंजा घातला. मग मूठ. मास्तर नुसते पुढे झुकले, आणि जिथे घड्याळ होतं तिथपर्यंत त्यांचं कपाळ सहज आलं. बक्कल जागची हलली नव्हती. माणूसच गादीत खाली गेला होता, आणि पट्टा होता तिथेच राहिला होता.

बशीरने काकूंकडे पाहिलं आणि घाईने म्हणाला, "बक्कलही थोडी सरकलीच असन, वहिनी."

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांना शब्द नीट फुटत नव्हते. "बक्कल पक्की आहे. गादी दबली."

आयुष्यात त्यांनी कोणाला तोंडावर दुखावलं असेल तर ते एवढंच. पण त्यांना बोलणं भाग होतं, आणि काकूंना ते त्याच क्षणी कळलं. त्या म्हणाल्या, "किसनरावांची याच्याहून जाड आहे."

किसनराव उद्या सकाळी उडणार होते, हे बशीरला ठाऊक होतं. तार करावी असं मास्तरांनी सुचवलं. काकू म्हणाल्या, तारेत काय लिहाल? गादी मऊ आहे म्हणून? तो वाचून हसेल आणि त्याच गादीवर जाऊन बसेल. त्यांनी लुगडं बदललं आणि बशीरला बरोबर घेऊन बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली.

अकोल्याबाहेर बार्शीटाकळीच्या वाटेवरच्या मैदानावर सकाळी माणसं जमली होती. किसनरावांच्या बायकोने ओवाळण्याचं ताट तयार ठेवलं होतं. मुलींनी नव्या परकरात विमानाभोवती फेर धरला होता. विमान उन्हात चमकत होतं, आणि खोक्यात ती गादी होती, फुगीर, पांढरीशुभ्र. काकूंनी किसनरावांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, अगदी अदबीने. मग म्हणाले की मास्तरांचं नशीब वाईट, बाकी गादीनं कोणी मरत नाही, आणि आपण पट्टा अजून एक घर आवळून घेऊ. बाईमाणूस घाबरलं आहे, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

काकूंनी वाद घातला नाही. त्या विमानाशी गेल्या, पंखाला धरून चढल्या आणि आत गादीवर जाऊन बसल्या.

"वहिनी, उतरा न. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. तुम्ही पट्टा आवळा. तुमच्या हातानं."

किसनराव हसत पुढे आले. माणसं चेष्टा करू लागली. कोणी म्हणालं, बाई विमान घेऊन माहेरी चालल्या. किसनरावांनी पट्टा आवळला, चिडून, चांगलाच. काकूंनी त्यांना बोट घालून पाहायला लावलं. बोट गेलं नाही. मग काकूंनी बशीरला शेपटीकडे पाठवलं. बशीर शेपटी उचलून जमिनीवर सोडू लागला, आणि काकू दात आवळून बसून राहिल्या. त्यांचा अंबाडा सुटला, डोक्यावरचा पदर खाली आला. चेष्टा हळूहळू थांबली. ताट घेऊन उभी असलेली किसनरावांची बायको जवळ येऊन पाहू लागली.

"आता घाला हात," काकू म्हणाल्या.

किसनरावांनी बोट घातलं. मग आणखी घातलं. त्यांचा हात मनगटापर्यंत पट्ट्याखाली गेला. काकू पुढे झुकल्या आणि समोरच्या फळीवर, जिथे त्यांनीही हौसेने एक होकायंत्र बसवलं होतं, त्यावर कपाळ टेकून तशाच राहिल्या.

"मास्तरांचा डोळा इथं गेला. मी शिवलेल्या गादीनं. उचला मला आता."

किसनरावांच्या बायकोने ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. तिनेच आधी सांगितलं, गादी काढा. होकायंत्रही काढा.

बशीरने ते काढलं आणि पाटावर नुसतं जाड कातडं ठोकून दिलं. किसनरावांनी उडायचं सोडावं असं काकूंनी म्हटलं नाही. तो त्यांचा अधिकार नव्हता. त्यांनी शेवटचा पट्टा आवळून दिला आणि मैदानाच्या कडेला, विमानाकडे पाठ करून, गादी मांडीवर घेऊन बसल्या. इंजिनाचा आवाज वर गेला, लांब गेला, मग बराच वेळ ऐकूच येईना. काकूंनी गादीची शिवण दातांनी तोडली आणि आतला कापूस मूठ मूठ काढून वाऱ्यावर सोडू लागल्या. वर त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

आवाज परत आला. चाकं टेकली आणि विमान दणादण उड्या घेत येऊ लागलं. मग कडाड् झालं. एक चाक निखळलं होतं. विमान फरफटत वळलं आणि पंखावर कलून थांबलं. धुळीत काही दिसेना. मग त्या धुळीतून किसनरावांचा आवाज आला, शिव्या देत. ते कमरेला हात लावत खाली उतरले आणि लंगडत काकूंसमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, तुमच्या त्या पाटानं सारी हाडं दुखून राहिली."

काकूंनी मूठभर कापूस अजून धरला होता. तो त्यांनी सोडून दिला.

"दुखून राहिली न? म्हणजे जाग्यावर आहेत."