मामाच्या पिकअपचे दिवे

बोर्ली पंचतनहून निघायच्या आधीच मामीनं मला खळ्यात (म्हणजे अंगणात) बाजूला ओढलं. "बाय, समुद्र काय बघायचा तो बघ, पन अलिबागला यांचे डोळे तपासून आन. परवा तिन्हीसांजेला समोरची म्हैस दिसली न्हाय यांना! हातभर अंतरावर ब्रेक लागला. डोळे गेले असतील तर रविवारी गिऱ्हाईक येतंय, पिकअप देऊन टाकू."

झालं! मी पुण्याहून चार दिवस रजा काढून आले होते, ती मामाच्या गाडीतून किनारा बघायला, आणि गळ्यात हे काम पडलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, त्रेसष्ट वर्षांचा. दिघीहून मासळी उचलायची आणि अलिबागच्या बाजारात पोचवायची, हा त्याचा धंदा. पांढऱ्या पिकअपवर त्याचा इतका जीव की मामी तिला सवत म्हणते.

दिघीच्या जेट्टीवर मासळी चढली, पण पलीकडे आगरदांड्याला नेणारी बोट यायची होती. तेवढ्यात मामानं बादलीला दोर बांधून खाडीचं पाणी ओढलं आणि गाडीच्या तोंडावर सपासप मारलं.

"रोज आंघोळ?" मी विचारलं.

"रोज! मासळीचा वास ऱ्हायला नको. विहिरीचं गोडं पानी मामीला लागतं, तिच्या पान्याला कशाला हात लावू?"

गाडीसकट बोटीत बसायची माझी पहिलीच वेळ. मी कठड्याला धरून लहान मुलीसारखी बघत राहिले. लांब जंजिरा दिसत होता आणि वारा एवढा की माझी ओढणी थेट बर्फाच्या पेटीवर जाऊन पडली. ती अलिबागपर्यंत बांगड्याचा वास मारत होती.

मुरूड गेलं. काशीदला सुरूच्या झाडांतून समुद्र दिसायला लागला आणि मी पंधरा मिनिटं गाडी थांबवायला लावली. मामा खाली उतरलासुद्धा नाही. "बर्फ वितळतोय, बाय," एवढंच म्हणाला. साळावचा पूल ओलांडून दुपारी अलिबाग गाठलं, मासळी उतरवली आणि मी त्याला जवळजवळ ढकलतच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं अक्षरं वाचून घेतली, औषध घालून आत बघितलं आणि सांगितलं, "वाचायला चष्मा घ्या. लांबचं उत्तम आहे, मोतीबिंदूही नाही. औषध उतरेपर्यंत दोन-तीन तास बसा, मग गाडी चालवा."

मला वाटलं, मामा पेढे वाटेल. तो खाणावळीत मान खाली घालून बसला. समोर कुरकुरीत बोंबील आणि तांदळाची भाकरी, तरी हात लावेना.

"अरे मामा, चांगलंच सांगितलं ना त्यांनी?"

"कसलं चांगलं! डोळे बरे हायत आन् तरी म्हैस दिसली न्हाय. म्हंजे मीच संपलो गो."

मी त्याच्या ताटातला बोंबील उचलून त्याच्या हातात दिला. त्यानं तो कसाबसा खाल्ला.

परतताना चौलच्या आसपास त्यानं दिवे लावले. साडेचार वाजले होते, लख्ख ऊन होतं! म्हशीनंतर असा धसका घेतला होता त्यानं. पण पाचेक मिनिटांत प्लॅस्टिक जळाल्याचा वास यायला लागला आणि रेवदंड्यात शिरताच आम्ही पहिला दिसला तो गाड्यांचा वायरमन गाठला.

वायरमनचं नाव अन्वरभाई. बॉनेट उघडून त्यानं बल्ब हातात घेतला. "हे मोठे बल्ब कोनी टाकले?"

"मीच," मामा म्हणाला. "उजेड पडंना म्हनून."

"उजेड कसा पडंल? वायर बारीक. नळी सुतळीएवढी आन् त्यावर हौद भरायला बसलाव तुमी!" त्यानं मीटर लावून दाखवलं. बॅटरीपाशी बारा व्होल्ट आणि बल्बपाशी जेमतेम नऊ. मग दिव्यामागं जिथं अर्थिंगची वायर पत्र्याला जोडतात, तिथला बोल्ट दाखवला. हिरवट-तांबूस गंजाचा नुसता गोळा झालेला. "गाडी धुता कशानं?"

मामानं माझ्याकडं बघितलं. "खाडीच्या पान्यानं."

"रोज?"

"रोज."

अन्वरभाई हसला. "खाऱ्या पान्यानं बोल्ट खाल्ला, करंट अडला." मामा नाही हसला. त्यानं बंपरवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "म्हंजे मीच आंधळी केली हिला."

मला लाज वाटली. आम्ही सगळ्यांनी माणूस म्हातारा ठरवून टाकला होता, गाडीचं बॉनेट मात्र कुणी उघडलं नव्हतं.

दीड तास काम चाललं. अन्वरभाईनं गंज खरवडून नवा बोल्ट बसवला, बल्ब मापाचे घातले, बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली. मध्ये फ्यूज आणि रिले (बटण फक्त इशारा देतं, करंट जातो जाड वायरीतून). शेवटी समोरच्या भिंतीवर खडूनं रेघ मारून दिव्यांचा झोत खाली बसवला, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत.

काशीदच्या वळणांवर अंधार पडला. मामानं दिवे लावले आणि रस्ता पार पुढच्या वळणापर्यंत उघडा पडला. कडेचे दगड दिसले, गवत दिसलं, एक मांजर दिसलं.

"मामा, दिसतंय?"

"सगळं दिसतंय गो." थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "महिनाभर रस्ता नीट दिसंना बाय, झोप उडाली व्हती, कुनाला सांगितलं न्हाय." मग आगरदांड्यापर्यंत तो शीळ घालत होता, तीही बेसूर.

शेवटची बोट मिळाली. बोर्लीला घराकडं वळलो, तर उजेडात मामी खळ्यातच उभी. "अवो, बंद करा ते! डोळे फोडता का माझे?"

मामानं दिवे बंद केले आणि तिथंच उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. डोळ्यांचं, बल्बचं, खाडीच्या पाण्याचंही. मामी आत गेली, भरलेली बादली घेऊन आली आणि गाडीपुढं ठेवली.

"विहिरीचं हाय. उद्यापासून हिला ह्यानंच धुवा," ती म्हणाली. "आन् त्या रविवारच्या मानसाला सांगा, येऊ नको म्हनावं."