दुसऱ्याच्या अंगावर हिरामणचा चेहरा

नियंत्रण रेषेवर आमची पोस्ट डोंगराच्या माथ्यावर होती आणि लंगर खाली, नाल्याच्या आडोशाला. लंगर म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर. तिथला कुक हिरामण, दोंडाईच्याकडचा. मी हवालदार, पहूरचा. अख्ख्या कंपनीत खानदेशी आम्ही दोघंच. तो माझ्याशी अहिराणीत बोलायचा, मी त्याला मराठीत चिडवायचो.

रोज पहाटे कणीक मळायची, पोळ्या, दाल करायची आणि डबे पाठीला बांधून चढ चढायचा, हे त्याचं काम. दालीत तो बायकोने घरून पाठवलेला काळा मसाला टाकायचा. पंजाबी जवान पहिल्या घासाला ओरडायचे, "ओये, मार डालेगा क्या?" हिरामण शांतपणे म्हणायचा, "आज रोओगे, कल खुद माँगोगे." आणि मागायचेच की लेकाचे!

त्या दिवशी सकाळीच समोरून मॉर्टर सुरू झाले. आम्ही बंकरमध्ये. सुभेदार साहेबांनी रेडिओ उचलला.

"लंगर, खाना पार्टी रोको. ओव्हर."

"हिरामण निकल चुका है. ओव्हर."

सगळ्यांचे डोळे पायवाटेकडे. बऱ्याच वेळाने तो दगडांच्या आडून वाकत वाकत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. डबे उतरवले आणि मला म्हणाला, "गरम शे तवर खाई ल्या."

माझं डोकंच फिरलं. "अरे बाबा, जीव नकोसा झालाय का तुला?"

"भूक लागनी व्हती ना तुमले?" तो म्हणाला आणि वाढायला बसला.

गोळाबारी थांबली. आम्ही त्याला चांगलं ताटकळत ठेवलं. सुभेदार साहेबांनी रेडिओवर वाट मोकळी आहे का ते दोनदा विचारलं, मगच म्हणाले, "जा. भागके." रिकामे डबे घेऊन तो उतरायला लागला. वळणापाशी पोचला आणि एकच गोळा आला. त्यानंतर दिवसभर एकही आला नाही.

पुढचं काम आम्ही केलं. त्याबद्दल एवढंच सांगतो, की पेटी बंद करून पाठवायचा हुकूम आला आणि तो हुकूम बरोबर होता. पेटीबरोबर मीच त्याच्या गावी आलो. त्याची बायको, सुमनवहिनी, पेटीला हात लावून म्हणाली, "भाऊ, एकडाव दखाडा." मी पेटी उघडायला नाही म्हणालो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी रिटायर होऊन जळगावात राहतो. मध्यंतरी सीमेवर पुन्हा तापलं आणि आपल्याकडे फ्लेक्सचं पीक आलं. चौकाचौकात विमानं, आगीचे लोळ, डोळ्यांत पाणी आणलेली आई, आणि खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे हात जोडलेले फोटो. मी त्याला नुसतं हसत नाही. मीही पोस्टर बघूनच भरती झालो. बर्फात उभा असलेला एक जवान होता, छाती पुढे, नजर लांब. ते पाहून माझ्या अंगावर काटा आला होता आणि आठवड्याभरात मी भरतीच्या रांगेत होतो. त्या जवानाला बर्फात जेवू कोण घालतं, ते पोस्टरवर नव्हतं. मलाही तेव्हा विचारावंसं वाटलं नाही.

एक दिवस हिरामणच्या पुतण्याचा, विक्कीचा फोन आला. "काका, आपल्या हिरामणकाकांचा बोर्ड लावतोय गावात. उद्या उद्घाटन. तुम्ही पाहिजेच." मी त्याच दिवशी दुपारी पोचलो.

बोर्ड एसटी स्टँडवर बांबूंना बांधला होता, दुमजली घराएवढा. चेहरा हिरामणचा, लग्नातल्या फोटोतून घेतलेला. खाली मात्र कोणा कमांडोचं अंग. फुगलेले दंड, काळे हातमोजे, हातात अशी रायफल, जी आमच्या कंपनीत कोणी पाहिलीसुद्धा नव्हती. मागे हेलिकॉप्टर. आणि हिरामणच्या तोंडी लिहिलेलं, 'माझ्या रक्ताचा सूड घे. ऊठ, पोरा, आता तुझी पाळी!'

बोर्डासमोर सुमनवहिनी उभी होती. मला पाहून तिने पदर सावरला आणि बोट वर केलं.

"भाऊ, हाऊ कोन शे?"

विक्की लगबगीने म्हणाला, "काकू, काकाच आहेत! फोटोशॉप करून घेतलंय. पोरं बघतील तर रक्त सळसळलं पाहिजे. पोळ्या लाटणाऱ्याचा फोटो बघून कोण भरती होईल?"

खरं सांगतो, माझी सटकली होती. पण विक्कीच्या बोलण्यात खोट नव्हती. लहानपणी हिरामणच्या खांद्यावर बसून त्याने यात्रा पाहिलेली. काका मोठा दिसावा, एवढंच त्याला हवं होतं. मी तोंड उघडायच्या आत वहिनीच बोलली. आवाज चढवला नाही.

"तवय पेटी उघाडू दिनी नही. त्यासनं आंग माले दिसनं नही. आते बोर्डवर बी दुसराना आंग लायी दिनं तू?"

विक्कीचं तोंड उतरलं. पेटी उघडू न देणारा मीच होतो आणि आजही कोणी विचारलं तर मी नाहीच म्हणेन. पण तिचं मागणं माझ्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली. तिला नवरा पुरता एकदा बघायचा होता.

माझ्या मोबाईलमध्ये लंगरमधला एक फोटो होता. बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत पीठ, हातात उलथनं, कोणाला तरी दटावतोय. डोक्यापासून बुटांपर्यंत सगळा हिरामण. मी मोबाईल वहिनीच्या हातात दिला. ती हसली आणि मग तिथेच खाली बसून रडली. मीही रडलो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

विक्कीने नाक पुसलं. "काकू, हाच लावतो. याच्याहून मोठा करतो, वीस फुटाचा!"

"मोठा नको करू," ती म्हणाली. "त्यासनाइतलाच कर. आन खाले लाव, जमीनवर."

आता हिरामणची उंची किती, हे कोणालाच सांगता येईना. वहिनीने स्वतःच्या कानाला हात लावला. त्याचा खांदा इथपर्यंत यायचा. फ्लेक्सवाल्या पोराने टेप काढला आणि तिच्या टाचेपासून कानापर्यंत माप घेतलं.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. तालुक्याची माणसं आली, भाषणं झाली. किती पोरं भरतीला गेली ते विक्कीला विचारा. सूड वगैरे गेलं होतं. बोर्डावर नाव, पलटणीतलं पद 'कुक', आणि मी सांगितलेली एक ओळ, 'पोस्टवर जेवण पोचवून परतताना वीरमरण.'

लोक पांगल्यावर वहिनी चपला काढून बोर्डापाशी गेली. पिठाच्या हातांवर तिने तळवा ठेवला. मग वळून त्याच्या शेजारी उभी राहिली, आपल्याकडे जोडीने फोटोला उभं राहतात तशी. तिचा कान बरोबर त्याच्या खांद्याला लागला.

"हां," ती म्हणाली. "इतलाच व्हतात."