नर पपई

गावाबाहेरचे वीस गुंठे आम्ही हौसेनं घेतले आणि वडिलांना तिथं सोयीनं ठेवलं. आम्हा दोघांच्या नोकऱ्या. झाडांना पाणी घालायला कुणीतरी हवंच होतं. अण्णांनी रोपापासून वाढवलेल्या पपया या रविवारी फुलल्या. काहींची फुलं लांब देठांवर लोंबत होती. ती झाडं नर, त्यांना फळ नाही. मी कोयता घेतला.

"किती छान फुललंय रे," अण्णा म्हणाले.

"नुसतं फुलून काय करायचंय?" बायको म्हणाली.

माणसांचाही हिशेब आपण असाच करतो. फक्त त्यांना कोयता लावत नाही, शेतावर खोली बांधून देतो.

निघताना बायकोनं गाडीची काच खाली केली. "अण्णा, बाकीच्यांना फळ धरावं म्हणून एक नर ठेवलाय. त्याला फार पाणी नको हं, जगण्यापुरतं घाला."

अण्णांनी मान डोलावली.