ताईंना विचारायचं नाही

लॉन्ड्रीत पाऊल टाकायच्या आतच प्रश्न सुरू व्हायचे. "ताई, साबण संपत आलाय, आणू का?" "ताई, या चादरीचा डाग हटत नाही, परत मशीनला टाकू का?" खांद्यावरची पर्स उतरायच्या आत ताईंची चार उत्तरं देऊन झालेली असत. दुपारपर्यंत डोकं उठायचं आणि संध्याकाळी घराचा जिना चढताना पाय उचलायचे नाहीत.

लॉन्ड्री वडिलांची. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ धुऊन, इस्त्री करून पोचवायचे. वडिलांनी ती सारी हयात आवाजाच्या जोरावर चालवली. मालक फाटकातून ओरडले की कपडे आपोआप वाळतात, असं धुलाईवाला लंबू हळूच म्हणायचा. मग वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं, ते अंथरुणाला खिळले, आणि थोरल्या लेकीला शाळेतली नोकरी सोडून त्यांच्या खुर्चीत बसावं लागलं. बसल्यावर तिला कळलं, इथं कुणी आपल्या मनानं बटणसुद्धा दाबत नाही. ज्यानं दाबलं त्यानं आजवर शिव्याच खाल्ल्या होत्या.

एक दिवस ताईंनी हात टेकले. फार मोठा विचार वगैरे नव्हता, जीव मेटाकुटीला आला होता. सगळ्यांना इस्त्रीच्या टेबलाभोवती बोलावून त्या म्हणाल्या, "आजपासून आपापल्या कामाचं आपणच ठरवायचं. चुकलं तर मिळून निस्तरू. कुणी कुणावर ओरडायचं नाही, मीसुद्धा नाही."

मालकाची लेक आपली परीक्षा घेतेय, असंच सगळ्यांना वाटलं. पुढचे काही दिवस कुणी काही ठरवलं नाही आणि कुणी काही विचारलंही नाही. साबण खरोखरच संपला. ताईंनी दात आवळून धरले, पण आणा म्हणाल्या नाहीत. शेवटी इस्त्रीवाल्या मावशी पुटपुटत उठल्या, "इथं काय हातावर हात धरून बसायचं का?" आणि साबण घेऊन आल्या. तिथून गाडी हलली.

हलली, पण ताईंचा थकवा काही उतरला नाही. पूर्वी बोलून दमायच्या, आता गप्प बसून दमायला लागल्या. समोर कुणी उलटसुलट करताना दिसलं की जीभ वळवळायची. वडिलांचाच आवाज घशात येऊन बसायचा आणि तो गिळता गिळता दिवस सरायचा.

त्यातच हॉटेलचं प्रकरण झालं. लॉन्ड्रीचं निम्मं काम त्या एका हॉटेलचं. ताई वडिलांना घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या, आणि नेमका तेव्हाच हॉटेलचा मॅनेजर तणतणत आला. एका टेबलक्लॉथला चुणी राहिली होती. त्यानं तो मावशींच्या अंगावर भिरकावला. "ए बाई, डोळे फुटले का तुझे?"

लंबूनं मशीन थांबवलं. हॉटेलचे सगळे गठ्ठे उचलून फाटकाबाहेर ठेवले आणि म्हणाला, "साहेब, नीट बोलता येईल तेव्हा या. तोवर तुमचे कपडे इथं धुतले जाणार नाहीत."

ताई परत आल्या, फाटकातच झाला प्रकार त्यांच्या कानावर आला, आणि आत फोन वाजतच होता. मॅनेजर म्हणाला, "तुमच्या त्या माणसानं सगळ्यांसमोर माझी माफी मागायची. नाहीतर काम बंद."

फोनवर हात धरून ताईंनी लंबूकडे पाहिलं. वडील त्याला लंब्या म्हणायचे, ताई भाऊ लावायच्या.

"लंबूभाऊ, मला एक फोन तरी करायचा होता हो."

"ठरवा म्हणालात ना तुम्ही?" लंबूचा चेहरा पडला. "चुकलं असेल तर मागतो माफी."

मावशी टेबलाशी, सगळ्यांकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्या हातातली इस्त्री थांबली होती.

ताईंनी डोळे मिटले. मग फोनमध्ये म्हणाल्या, "त्यांनी ठरवलं तेच आमचं म्हणणं आहे. मावशींशी नीट बोलणार असाल तर काम करू."

हॉटेल गेलं. घरी वडिलांनी अडखळत्या जिभेनं ऐकवलं, "धंदा... बुडवलास."

काम घटलं. एकाला घरी बसवण्यापेक्षा सगळ्यांनी आळीपाळीनं सुट्टी घ्यायची, हे लंबूनं आणि मावशींनीच ठरवलं. मावशींच्या ओळखीनं दोन छोटे दवाखाने मिळाले. हॉटेलची तूट त्यातून भरून निघाली नाही, ओढाताण चालूच राहिली.

अशाच एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ताईंचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मशीन थंड पडलेलं, लादी पुसलेली, दवाखान्यांचा माल रवाना झालेला.

"मला उठवलं का नाही?"

"कशासाठी उठवायचं?" मावशींनी सहज विचारलं. "गाडी बंद पडली होती मघाशी. लंबूनं रिक्षा करून दिली. तुम्ही घोरत होतात."

ताईंना हसू आलं आणि आत कुठंतरी लागलंही. आपल्यावाचून काहीच अडलं नव्हतं. उजेड असतानाच त्या घरी निघाल्या. वडील उशीला टेकून वाटच बघत होते.

"आज... काय झालं तिथं?"

"नक्की माहीत नाही, बाबा," चपला काढत त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या पायाशीच आडव्या झाल्या.