जुबेदाबीची पेज

"गॉलब्लॅडरमध्ये खडे आहेत, सूजही आहे. उद्या सकाळी काढू," डॉक्टर म्हणाले. गॉलब्लॅडर म्हणजे पित्ताशय, यकृताखालची छोटी पिशवी.

मी म्हणालो, "फक्त खडे काढा, पिशवी राहू द्या."

"हबीबी, इथे घासाघीस नाही. पिशवीसकट."

तीन आठवडे मी ते दुखणं गॅस समजून सोडा पीत होतो. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर माझ्यासारखी हुशारी करू नका. अल्ट्रासाउंड करून घ्या. पोटावर गार जेल लावतात, एवढंच.

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी रत्नागिरीला गेलेली. इकडे दुबईजवळ उम्म अल कुवैनला मी एकटाच. इथलं बोटींच्या दोरांचं दुकान मी शून्यातून उभं केलं, कुणाचे उपकार न घेता.

लॅपरोस्कोपी झाली, म्हणजे चार छोट्या छिद्रांतून ऑपरेशन. नंतर खांदा दुखतो. पोटात भरलेल्या गॅसमुळे, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचं सूप घशाखाली उतरेना. डॉक्टरांनी बजावलं, "पोटात काही टिकल्याशिवाय घरी सोडणार नाही."

संध्याकाळी सिस्टरने स्टीलच्या किटलीतून गरम पेज वाढली. उकड्या तांदळाची. मी दोन वाट्या प्यालो. "तुमच्या किचनला आत्ता अक्कल आली. पण मीठ कमी आहे."

"किचन का नहीं है। बाहर जो बैठे हैं, वो लाये।"

दारात हनीफ. आमच्याच गावचा, राहतो दुबईत अल बर्शाला. गेल्या वर्षी त्याने मला एका आजाऱ्याकडे हीच पेज न्यायची पाळी सांगितली, तेव्हा मी त्याला फोनवर झाप झाप झापलं होतं.

कारण जुबेदाबी. माझी खापरपणजी. दीडशे वर्षांपूर्वी तिची तीन गलबतं होती. तापाने फणफणलेल्या खलाशांना परक्या बोटी आमच्या धक्क्यावर टाकून जात. ही विधवा त्यांना ओटीवर आणून स्वतः पेज भरवायची. त्यापायी गलबतं गेली, माडांची बाग गेली. गावाला तिचं नाव उरलं, आम्हाला गळकी कौलं. अम्मीने लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं. गावात आजही आजाऱ्याकडे पेज जाते, इथेही पाळीपाळीने पोचते. मी पाळी कधीच घेतली नाही. आमच्या वाटणीचं तिने आधीच वाटून टाकलं होतं.

"मी तुला काय काय बोललो होतो," मी म्हणालो.

"सगळं आठवतंय, चाचा. म्हणूनच मीठ कमी टाकलं."

टाके दुखेपर्यंत हसलो. मग म्हटलं, "पेट्रोलचे तरी घे."

"खलास, चाचा. किटली आता तुमच्याकडे. जो पितो, पुढची पेज त्याने न्यायची. तिचाच नियम."

"मी हॉस्पिटलची समजून प्यालो! हा सौदा धरायचा नाही."

"दोन वाट्या प्यालात ना?"

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. महिनाभर तेलकट बंद.

तो महिना संपतो न संपतो तोच हनीफचा फोन. अल रीम आयलंडवर राहणाऱ्या पुण्याच्या एका मुलीला डेंग्यू झालाय, अबू धाबीला ॲडमिट आहे, इथे तिचं कुणी नाही.

"ती कुठे आपल्या गावची?"

"जुबेदाबीने खलाशांना गाव विचारलं होतं का?"

मी फोन आपटला आणि तांदूळ धुतले.

राग अजून गेलेला नाही. निदान एक गलबत तरी तिने ठेवायला हवं होतं. पण त्या दोन वाट्या पोटात टिकल्या आणि मी घरी आलो, हेही खरं. किटलीला शेजारच्या सीटवर बेल्ट लावून अबू धाबी गाठलं.

पोरगी वाटीभर प्यायली, डोळे पुसले. "काका, किती द्यायचे?"

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव सांगितला नाही.

"किटली ठेवून घे," म्हटलं. "आणि लवकर बरी हो. पुढची पाळी तुझी."