शालूची फळी

आज मी बंदरावर आगबोटीची वाट बघत असताना कोणीतरी होडीला उंडीचं तेल चोळत होतं. त्या कडवट वासाने मला भाट्याच्या वाळूवर नेलं. तेव्हा मी बारा वर्षांची होते.

शिमग्यात तिथे फळीवर पालथं पडून, लाटेबरोबर किनारा गाठायची शर्यत असे. आमच्या घरातून एकीलाच जायचं होतं, मी किंवा चुलतबहीण शालू. काका जिची फळी तेलाने चोळतील, ती जाणार.

सरावात मी एकदाही पडले नव्हते. शालू रोज पडायची, खोकायची आणि वर हसायची. तरी निवडीच्या संध्याकाळी काकांनी शालूचीच फळी मांडीवर घेतली.

"पण ती पडते!" माझ्या तोंडून निघालं.

"मोठी लाट धरते म्हणून पडते गो. तू बारकी लाट येईस्तोवर थांबून राहतेस."

मी शाळेत शिकवलेलं 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हटलं आणि वाळूत पाय रुतवून उभी राहिले. शालू तेलकट हात माझ्याच फ्रॉकला पुसून खिदळली.

शर्यतीत ती कितवी आली, ते आता आठवत नाही. हेवा मात्र अजून वाटतो, तिच्या त्या चारचौघांत पडून हसण्याचा.