मंजूताईंची सर्व्हिस

मंजूताईंनी बारा वर्षं सांभाळलेली सर्व्हिस मी बंद केली.

त्यानंतर महिन्याभरात त्या गेल्या. आज वर्ष झालं.

दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी सांगतो.

न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात आम्ही सॉफ्टवेअर बघायचो. ताई माझ्या सीनियर. उरणकडच्या, मिठागरवाल्या घरातल्या.

सर्व्हिस नव्हती तेव्हा माल सोडवणारे एजंट दिवसभर फोन करायचे. "मॅडम, आमचा कंटेनर आला का?"

मग ताईंनी वेब सर्व्हिस बांधली. एजंटचा कॉम्प्युटर विचारणार, आमचा उत्तर देणार. विचारायचं कसं आणि उत्तर कसं मिळेल, हे एका फाईलमध्ये नीट लिहून सगळ्यांना दिलेलं. तिला WSDL म्हणतात. ताई 'करार' म्हणायच्या.

मी नवीन असताना एक कंपनी तारीख उलटी पाठवायची. करारात वर्ष आधी, हे दिवस आधी. सर्व्हिस त्यांना नाकारत होती, तेच बरोबर होतं.

पण मला दीडशहाणपणा सुचला. गुपचूप त्यांची तारीख चालवून घेतली.

मग दुसऱ्या एकाने महिना आधी पाठवला. पाच जूनला आलेला माल सहा मेला आल्याचं दिसू लागलं. यार्डात नुसता गोंधळ.

ताई ओरडल्या नाहीत. डबा उघडून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे सरकवली. (एसी केबिनमध्ये सुकट नको, अशी ॲडमिनची नोटीस होती. ती त्यांनी कधी वाचलीच नाही.)

"आधी खा. मंग दोघांना फोन कर. करार त्यांनी पन मानलाय ना? लाजतोस कनाला?"

फोन केले. दोघांनी निमूटपणे तारीख सुधारली. एवढं सोपं होतं.

मागच्या वर्षी वरून ऑर्डर आली. ताईंची जुन्या SOAP पद्धतीची सर्व्हिस बंद, नवीन REST पद्धतीची सुरू. काम माझ्याकडे.

ताई तेव्हा आजारी, घरीच होत्या. त्यांना हे सांगायचं कसं? आठ दिवस मी उरणला जायचं टाळलं. खरं सांगतो, घाबरलो होतो.

शेवटी गेलो. खाली मान घालून सांगून टाकलं.

ताई हसल्या. "बारा वरसं चालली. लय झालं की. बंद कर."

मी सुटलो असं वाटलं. तेवढ्यात म्हणाल्या, "जुन्या पत्त्यावर कोन आला तर काय उत्तर देशील?"

"404 जाईल ना आपोआप."

"नाय. 404 म्हंजे सापडत नाय. लोक परत परत शोधीत बसतील. तू 410 दे. म्हंजे होती, आता नाय. अन् खाली नवीन पत्ता लिव."

अंगात ताप होता, आणि बाई मला स्टेटस कोड शिकवत होत्या.

मी तसंच केलं. जुने एजंट दोन-चार दिवस दार वाजवत राहिले, उत्तर वाचलं, नवीन पत्त्यावर गेले. एकाचंही काम अडलं नाही. ताईंना फोन करून सांगितलं.

"बरा झाला," एवढंच म्हणाल्या. आवाजावरून कळलं, खूश होत्या.

आज सकाळी त्यांच्या मुलीचा, श्वेताचा फोन आला. आईचा नंबर तिने चालू ठेवलाय.

"दादा, आईला अजून एजंटांचे फोन येतात. काय सांगायचं त्यांना? मला तर बोलताच येत नाही."

मी म्हटलं, "सांग, होत्या, आता नाहीत. आणि माझा नंबर दे."

दुपारपासून तीन फोन आले. तिघांचंही काम झालं.

मंजूताई, तुम्हाला मनापासून नमस्कार.